गावाच्या कामाची फाईल

पुसद तालुक्यातल्या कुठल्याही गावात शिरलं की सिमेंट रस्त्याच्या कडेला नाहीतर पाण्याच्या टाकीच्या बुडाशी एक रंगवलेला फलक दिसतो. कामाचं नाव, योजनेचं नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, काम सुरू केल्याची तारीख, ठेकेदाराचं नाव. पाच-सहा ओळींत सगळं आटोपलेलं. हे काम मागितलं कुणी, कुठल्या सभेत ठरलं, पैसा कोणत्या खात्यातून निघाला, गावाने पदरचं काय घातलं आणि ठेकेदार गेल्यावर मोटारीचं वीजबिल कोण भरतं, यातलं काहीच त्यावर नसतं. ते सगळं एका फाईलमध्ये असतं. ही फाईल ग्रामपंचायतीतून निघते, पुसदला पंचायत समितीत जाते, कधी यवतमाळला जिल्हा परिषदेत जाऊन बसते आणि सगळं सुरळीत झालं तर रस्ता किंवा नळ होऊन परत येते. तिचा प्रवास समजला की गावाने जोर कुठे लावायचा ते कळतं. माझं मत आधीच सांगून टाकतो: बहुतेक गावं सगळा जोर निधी ‘आणण्यावर’ लावतात, आणि काम फसतं ते निधीच्या अलीकडे नाहीतर पलीकडे.

ही व्यवस्था समजून घ्यायला पुसद ही जागा चांगली आहे, कारण तिचा बराचसा पाया इथल्याच माणसांनी घातला. पुसदजवळच्या गहुलीत 1 जुलै 1913 रोजी जन्मलेले वसंतराव नाईक 1960 साली महसूलमंत्री होते, तेव्हा राज्य सरकारने त्यांच्या अध्यक्षतेखाली लोकशाही विकेंद्रीकरणाची समिती नेमली. त्याआधी 1957 मध्ये बलवंतराय मेहता समितीने देशासाठी जी रचना सुचवली होती, तिचा भर पंचायत समितीवर होता. नाईक समितीने महाराष्ट्रात वजन जिल्हा परिषदेकडे दिलं, जिल्हाधिकाऱ्यांना परिषदेबाहेर ठेवलं आणि प्रशासनासाठी मुख्य कार्यकारी अधिकारी सुचवला. 1961 चा कायदा त्यातून झाला आणि 1 मे 1962 पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. आज तांड्यावरचा माणूस ‘सीईओ साहेबांची सही राहिली’ म्हणतो, त्या सहीची सोय तेव्हाची. पुढे नाईक मुख्यमंत्री असताना, 1972 च्या दुष्काळात, रोजगार हमी राज्यभर पसरली. त्यांचे पुतणे सुधाकरराव नाईक 1991 ते 1993 मुख्यमंत्री होते. त्यांच्या काळात, 1992 मध्ये, जलसंधारणाचं स्वतंत्र खातं निघालं आणि आदर्श गाव योजनाही त्याच वर्षी आली. म्हणजे जिल्हा परिषद, रोजगार हमी आणि पाणलोट या तिन्ही गोष्टींचा धागा पुसदपर्यंत येतो. त्याच तालुक्यातल्या तांड्यावर मार्चनंतर पाण्यासाठी रांग लागते, ही गोष्ट इथला माणूस जरा कडवटपणेच सांगतो.

आता पैशाकडे. गावाकडे पैसा चार-पाच वाटांनी येतो आणि प्रत्येक वाटेचे नियम निराळे. पहिली वाट गावाची स्वतःची: घरपट्टी, पाणीपट्टी, दिवाबत्ती कर, असलाच तर आठवडी बाजार. नमुना 8 ला, म्हणजे कर आकारणीच्या नोंदवहीत, घराची नोंद झाली की त्यावर कर बसतो. या स्वतःच्या उत्पन्नातला 15 टक्के भाग मागासवर्गीयांसाठी, 10 टक्के महिला व बालकल्याणासाठी आणि 5 टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणं बंधनकारक आहे. लहान ग्रामपंचायतीत ही रक्कम इतकी किरकोळ निघते की तिचा कुणी उल्लेखही करत नाही. पण वरून यायची वाट पाहावी लागत नाही असा हा एकच पैसा.

दुसरी वाट वित्त आयोगाची, आणि गेली काही वर्षं गावातली बहुतेक छोटी कामं हिच्यावर चालली. पंधराव्या वित्त आयोगाचा निधी 2021-22 ते 2025-26 या पाच वर्षांसाठी होता. महाराष्ट्रात त्यातला 80 टक्के थेट ग्रामपंचायतीला, 10 टक्के पंचायत समितीला आणि 10 टक्के जिल्हा परिषदेला, अशी वाटणी ठरली. ग्रामपंचायतीच्या वाट्यातही दोन कप्पे होते: 60 टक्के बंधित आणि 40 टक्के अबंधित. बंधित रकमेचा निम्मा भाग स्वच्छतेला, निम्मा पिण्याचं पाणी, पावसाचं पाणी साठवणं आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांना. समजा एखाद्या ग्रामपंचायतीला वर्षात 10 लाख मिळाले, तर 3 लाख नाल्या-शोषखड्डे-शौचालयांकडे, 3 लाख पाण्याकडे आणि 4 लाख गावाच्या मर्जीने, फक्त त्यातून पगार करायचे नाहीत. सरपंच निवडून आल्यावर ज्या रस्त्याचं आश्वासन देतात तो रस्ता या 4 लाखांतून काढायचा असतो. गावाला हा हिशेब माहीत नसला की ‘सरपंचाने पैसे खाल्ले’ आणि ‘वरून पैसेच आले नाहीत’ ही दोन्ही वाक्यं एकाच पारावर, एकाच वेळी ऐकू येतात. आणखी एक अट होती: निवडून आलेली मंडळी असली पाहिजेत. प्रशासक बसला की हा निधी अडायचा.

तिसरी वाट वस्तीची, आणि पुसदमध्ये तीच जास्त महत्त्वाची आहे. इथे एकाच ग्रामपंचायतीत मूळ गाव, बंजारा तांडा, आंध आदिवासींची वस्ती आणि बौद्ध वस्ती असं सगळं असू शकतं. तांड्यासाठी वसंतराव नाईक तांडा-वस्ती सुधार योजना आहे. लोकसंख्येच्या टप्प्यानुसार रक्कम ठरते आणि त्यातून अंतर्गत रस्ते, गटार, पाणी, वीज, समाजमंदिर अशी कामं होतात. आदिवासी वस्तीसाठी ठक्कर बाप्पा वस्ती सुधारणा कार्यक्रम. त्याची फाईल एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाकडे जाते, आणि ते कार्यालय पुसदलाच आहे. अनुसूचित जाती व नवबौद्ध वस्तीच्या विकासाची योजना जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे. म्हणजे एकाच गावातल्या तीन गल्ल्यांतल्या नाल्या तीन खात्यांच्या पैशाने होतात, तीन वेगळ्या वर्षी, तीन वेगळ्या उतारांवर. वरच्या वस्तीची नाली आधी झाली आणि खालच्या वस्तीची मंजूर व्हायची राहिली, तर वरचं सांडपाणी कुणाच्या दारात उभं राहणार हे वेगळं सांगायला नको. या तीन फाईली एकमेकींजवळ आणण्याचं काम कुठलंही खातं करत नाही. ते ग्रामसभेलाच करावं लागतं.

याशिवाय रोजगार हमीची कामं, आमदार-खासदार निधी, कंपन्यांचा सामाजिक निधी, नाबार्ड. आमदार निधीबद्दल एवढंच म्हणतो की त्यातून सभामंडप फार होतात. सभामंडपाला उद्घाटन असतं, शोषखड्ड्याला नसतं.

फाईलचं पहिलं पान ग्रामसभेचा ठराव. 73 व्या घटनादुरुस्तीने पंचायतींना अकराव्या अनुसूचीतले 29 विषय दाखवले, पण गावाने स्वतःचा आराखडा करायचा ही रीत महाराष्ट्रात 2015-16 च्या सुमारास ‘आमचं गाव, आमचा विकास’ या नावाने रुजवायला घेतली. आराखडा करायची पद्धत कागदावर फार चांगली आहे. आधी शिवारफेरी: गावातली माणसं, ग्रामसेवक, शिक्षिका, आशाताई, अंगणवाडी सेविका एकत्र चालत गाव बघतात, कुठे पाणी तुंबतं, कोणत्या हातपंपाला फेस येतो, शाळेची भिंत कुठे खचली. मग वस्तीच्या सभा, महिलांची सभा, मुलांची सभा. बचत गटांच्या ग्रामसंघाने गरीब कुटुंबांचा वेगळा आराखडा दिला तर तोही यात मिसळायचा. सगळ्या मागण्यांना क्रम लावायचा, उपलब्ध पैशाशी जुळवायचं, ग्रामसभेत मंजूर करायचं आणि ई-ग्रामस्वराज पोर्टलवर चढवायचं. जे काम आराखड्यात नाही त्यावर वित्त आयोगाचा पैसा खर्च करता येत नाही. म्हणून ज्याला काम हवं आहे त्याने निधी यायच्या वेळी धावपळ करून उपयोग नाही. आदल्या हिवाळ्यात ते यादीत बसवावं लागतं.

इथे पुसद भागातली एक अडचण आहे, जी मुंबई-दिल्लीत वेळापत्रक ठरवणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. आराखड्याची मोहीम 2 ऑक्टोबरला सुरू होते आणि हिवाळाभर चालते. नेमक्या त्याच वेळी, दिवाळी झाली की, तांड्यावरची कर्ती जोडपी ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्या-मुंबईच्या बांधकामांवर निघतात. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेतली मुलं. 26 जानेवारीच्या ग्रामसभेत तांड्याच्या वतीने बोलायला जे दोघं-तिघं येतात, त्यांच्या घरी शौचालय नसल्याचा त्रास ज्या सुनेला आहे ती पश्चिम महाराष्ट्रातल्या कुठल्या तरी फडात मोळी बांधत असते. याला उपाय एकच: 15 ऑगस्टच्या सभेत, माणसं घरी असताना, तांड्याच्या मागण्यांचा ठराव करून ठेवायचा आणि हिवाळ्यातल्या आराखड्यात तो जसाच्या तसा घ्यायला लावायचा. नियमात याला कुठे आडकाठी नाही. तांड्याला नायक आणि कारभाऱ्याची स्वतःची बैठक असतेच. तिथे जे ठरलं ते तोंडी न ठेवता ग्रामसभेच्या कागदावर आणणं, एवढेच यातले जास्तीचे कष्ट.

ग्रामसभेचे नियम माहीत असलेले बरे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 7 नुसार वर्षात किमान चार ग्रामसभा घ्याव्या लागतात. रिवाजाने त्या 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबरच्या सुमाराला होतात. सबळ कारणाशिवाय सभा घेतल्या नाहीत तर सरपंचाचं पदच धोक्यात येतं. गणपूर्ती म्हणजे मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यातली कमी असेल ती संख्या. 400 मतदारांच्या गावाला 60 माणसं लागतात, 900 मतदारांच्या गावाला 135 नव्हे, 100 पुरतात. गणपूर्ती झाली नाही तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. ही शेवटची तरतूद फार कामाची आहे, कुणाच्या कामाची ते गावागावावर ठरतं. पहिली सभा कुणालाही न कळता तहकूब करायची आणि दुसऱ्या सभेत आठ-दहा माणसांत ठराव उरकायचे, हा जुना खेळ आहे. नियमित ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, तीही अनेक ठिकाणी फक्त वहीत होते. वहीतल्या सह्या आणि अंगठे पाहिले की ते लगेच कळतं: सगळ्या सह्यांची शाई आणि वळण एकच.

तांड्याची आणखी एक गाठ आहे. पुष्कळ तांडे स्वतंत्र महसुली गाव नाहीत; ते गट ग्रामपंचायतीचा एक प्रभाग आहेत. गावठाण नाही, घराखालची जमीन कधी वनखात्याची, कधी गायरान. निधी मंजूर होतो आणि फाईल पहिल्याच टेबलावर अडते: जागा कुणाची? टाकी, विहीर, अंगणवाडी यांना जागेचा कागद लागतो. खासगी जागा असेल तर मालकाने बक्षीसपत्र करून द्यायला हवं. ‘घ्या बांधून’ असं तोंडी बोलणं पुढच्या पिढीत कोर्टात जातं. जमीन वनाची असेल तर हात टेकण्याचं कारण नाही. वनहक्क कायदा, 2006 च्या कलम 3(2) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, पिण्याच्या पाण्याची सोय, रस्ता, समाजमंदिर अशा 13 प्रकारच्या सोयींसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. अटी दोन: हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत आणि ग्रामसभेची शिफारस हवी. पुसदच्या डोंगराळ पट्ट्यातल्या कितीतरी अडलेल्या रस्त्यांना हे कलम लागू पडेल. पण ठराव या कलमाचं नाव घेऊन, जागेचा नकाशा जोडून करायला हवा. नुसतं ‘वनविभागाने परवानगी द्यावी’ एवढं लिहिलं की तो कागद अर्ज म्हणून फिरत राहतो.

जागा सुटली की इस्टिमेट. शाखा अभियंता येतो, टेप लावतो, शासनाच्या दरसूचीप्रमाणे आकडे मांडतो. त्यावर तांत्रिक मान्यता म्हणजे काम या मापाने, या दराने होऊ शकतं असं अभियंत्याने म्हणणं. प्रशासकीय मान्यता म्हणजे त्यासाठी पैसा खर्च करायला परवानगी. दोन्ही मिळाल्या की ठराविक रकमेच्या वरच्या कामाला ई-निविदा, मग कार्यारंभ आदेश. हा टप्पा कंटाळवाणा आहे आणि गावाला त्यात करण्यासारखं फारसं काही नाही. एक गोष्ट मात्र जरूर करावी: अंदाजपत्रकाची प्रत मागून घ्यावी. ती नसेल तर पुढे काय तपासायचं हेच कळत नाही.

तपासणं अवघड नाही. 100 मीटर लांब, 3 मीटर रुंद आणि 15 सेंटिमीटर जाडीचा काँक्रीट रस्ता मंजूर असेल तर काँक्रीट लागतं 45 घनमीटर. जाडी 10 सेंटिमीटरच टाकली तर 30 घनमीटर. वरून दोन्ही रस्ते सारखेच दिसतात आणि एक तृतीयांश माल कुठे गेला ते जमिनीत गाडलेलं असतं. जाडी मोजायची वेळ म्हणजे काँक्रीट पडतं तो दिवस, सकाळी दहा ते संध्याकाळी पाच. गावातल्या चार पोरांनी त्या दिवशी फूटपट्टी घेऊन उभं राहणं हे वर्षभराच्या तक्रारअर्जांपेक्षा जास्त उपयोगाचं. नंतर अभियंता मोजमाप पुस्तिकेत, म्हणजे एमबीत, मापं लिहितो, मूल्यांकन होतं, आणि सरपंच व ग्रामसेवक अशा दोघांचेही डिजिटल सहीचे डोंगल लागून पैसा थेट ठेकेदाराच्या खात्यात जातो. पूर्णत्वाचा दाखला आणि उपयोगिता प्रमाणपत्र लागलं की फाईल बंद.

आता लोकवर्गणी. हा विषय निघाला की सभेत शांतता पसरते, म्हणून त्याच्यावर जरा थांबतो. 15 ऑगस्ट 2019 ला जाहीर झालेल्या जल जीवन मिशनमध्ये दर माणशी रोज 55 लिटर पाणी घरात नळाने द्यायचं ठरलं. मुदत 2024 ची होती, ती पुढे वाढवावी लागली. या योजनेच्या मूळ चौकटीत गावाअंतर्गत कामाच्या खर्चाचा 10 टक्के वाटा गावाने उचलायचा असं आहे. डोंगराळ, वनव्याप्त भागात आणि निम्म्याहून जास्त अनुसूचित जाती-जमातींची वस्ती असलेल्या गावांत 5 टक्के. वाटा रोख असू शकतो, वस्तूत असू शकतो, श्रमातही चालतो. समजा 120 घरांच्या तांड्यात गावाअंतर्गत काम 40 लाखांचं आहे. 10 टक्क्यांनी 4 लाख, घरटी साधारण 3,300 रुपये. 5 टक्क्यांनी घरटी 1,650 च्या आसपास. चर खोदण्याची मजुरी गावाने दिली तर रोखीचा भार आणखी उतरतो. ऊसतोडीची उचल फेडणाऱ्या कुटुंबाला हेही जड आहे, हे खरं. पण ज्या घराने यात शंभराच्या चार नोटा घातल्या, ते घर पाइपलाइन दोन फूट खोल जाते की वीतभर, हे बघायला उभं राहतं. वर्गणीचा खरा उपयोग हा. अनेक ठिकाणी गावाच्या नावाने ती रक्कम ठेकेदारच भरून टाकतो असं लोक उघड बोलतात. तसं झालं की कागद पुरा होतो आणि राखण करणारं कुणी उरत नाही. ठेकेदार ती रक्कम पाइपच्या जाडीतून परत काढतो ते वेगळंच.

या योजनेत गावाची पाणीपुरवठा व स्वच्छता समिती असते आणि तिच्यात निम्म्या बायका हव्यात. पाणी तपासायचं किट देऊन गावातल्या पाच जणींना शिकवायचं असंही ठरलेलं आहे. ज्यांच्या डोक्यावर हंडा असतो त्यांना टाकीची जागा विचारली तर त्या चढाकडे बोट दाखवतात, कारण शेवटच्या घरी पाणी का पोचत नाही हे त्यांना माहीत असतं. पुरुषांच्या सभेत टाकी बहुतेक वेळा सडकेजवळ सुचवली जाते.

पण नळात यायला जमिनीत पाणी हवं. पुसदचा पाऊस काही कमी नाही. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारला जेमतेम 400 मिलिमीटर पडतो. यवतमाळ जिल्ह्याची सरासरी त्याच्या दुपटीच्या आसपास आहे. अडचण खडकाची. वर पातळ माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. उतारावरचं पाणी पूस नदीत आणि पुढे पैनगंगेत पळून जातं. ते अडवायचं तंत्र आपल्याकडे जुनं आणि पक्कं आहे: माथा ते पायथा. आधी डोंगरावर सलग समतल चर, मग घळीत अनगड दगडांचे बांध, खाली शेतात बांधबंदिस्ती, आणि शेवटी नाल्यावर मातीचा किंवा सिमेंटचा बंधारा. साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस सेंटिमीटर खोल चराचा एक मीटर तुकडा भरला की 180 लिटर पाणी धरतो. शंभर मीटर चर, एका सरीला 18 हजार लिटर. हा क्रम उलटा केला, म्हणजे आधी नाल्यावर मोठा बंधारा बांधला, तर वरची माती वाहून येऊन तो दोन-चार पावसाळ्यांत भरतो. उलटा क्रम लोकप्रिय आहे, कारण बंधारा दिसतो आणि चर दिसत नाहीत.

अनुदान आणि गावाची तयारी यांची सांगड सगळ्यात चांगली कुणी घातली असेल तर ती महाराष्ट्रातल्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमाने. फादर हर्मन बाखर यांच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या या कार्यक्रमात गावाला आधी परीक्षा द्यावी लागे: गावाने चार दिवस श्रमदान करायचं, कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी पाळायची, ग्राम पाणलोट समिती एकमताने निवडायची. मग थोड्या क्षेत्रावर काम देऊन बघायचं आणि जमलं तरच पूर्ण प्रकल्पाचा पैसा. आराखडा गटवार व्हायचा. प्रत्येक शेतात अभियंत्याबरोबर नवरा-बायको दोघंही उभे राहायचे आणि बांध कुठे घालायचा ते तिथेच ठरायचं. पुढे नाबार्डने 1999-2000 मध्ये पाणलोट विकास निधी उभारला तो याच वळणावर. 2006 साली पंतप्रधान मनमोहन सिंग विदर्भात आले, सहा जिल्ह्यांसाठी 3,750 कोटींचं पॅकेज जाहीर झालं, यवतमाळ त्यात होता. त्यानंतर शेतीसाठीचा केम प्रकल्प आला, मग जागतिक बँकेच्या मदतीचा नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प. पैसा आला नाही असं यवतमाळ जिल्ह्याला म्हणता येणार नाही. चार दिवसांच्या श्रमदानाची ती परीक्षा मात्र पुढच्या योजनांत हळूहळू गळत गेली. माझ्या मते ती चूक होती. घाईने पैसा खर्च करायचा असला की गावाची तयारी तपासायला वेळ नसतो.

चराईबंदीचा एक काटा मात्र लपवू नये. डोंगर बंद झाला की बागायतदाराचं नुकसान होत नाही. ज्याच्याकडे पाच बकऱ्या आहेत आणि एक गुंठा जमीन नाही, त्याचं होतं. खालच्या विहिरींना पाणी वाढतं ते जमीनवाल्यांच्या. भूमिहीनाला आधी गवत कापून न्यायचा हक्क, चाऱ्याचा वाटा आणि चराच्या कामावर मजुरी मिळाली तरच ही बंदी टिकते. हिवरे बाजारमध्ये चराई बंद करताना गवत कापून न्यायची सोय ठेवली गेली, सिंचनासाठी बोअर घ्यायला गावानेच मनाई केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पीक ठरवायची रीत पडली. पुसद भागात ऊस आणि हळद दोन्ही होतात. पाणी वाढलं की पहिला प्रश्न हाच येतो: वाढलेलं पाणी प्यायला ठेवायचं की ऊस लावायचा? हे आधी ठरवलेलं नसेल तर ते ज्याची मोटार मोठी तो ठरवतो.

फलक रंगवून झाल्यावर फाईल बंद होते, खर्च सुरू होतो. तोच तांडा घ्या, 120 घरांचा. माणसं 600 धरली तर रोज 33 हजार लिटर पाणी उपसायचं. मोटारीचं वीजबिल महिना 6 हजार, पाणी सोडणाऱ्याला 4 हजार, ब्लिचिंग पावडर आणि किरकोळ दुरुस्ती 2 हजार धरली तर 12 हजार झाले, घरटी 100 रुपये. निम्म्याच घरांनी भरले तर वर्षाकाठी 72 हजारांची खोट, आणि थकबाकी साचली की वीज तुटते. लाखोंची योजना सहा हजारांच्या बिलावर बंद पडते ती अशी. जी माणसं सहा महिने बाहेर असतात त्यांच्याकडून पट्टी कशी घ्यायची, हेही ठरवावं लागतं. ऊसतोडीची उचल मिळते तेव्हाच वर्षाची एकदम घेणं हा एक मार्ग. राज्यात 2000-01 साली सुरू झालेल्या संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात उलटी रीत होती: आधी झाडू, मग बक्षीस. त्यात कामाला आधी अनुदान नव्हतं, तरी हजारो गावांनी हातात झाडू घेतला. स्पर्धा संपल्यावर किती गावं तशीच राहिली हा प्रश्न तिथेही आहेच. देखभालीची सवय बक्षिसाने लागत नाही आणि अनुदानानेही नाही. ती ठरलेल्या दिवशी पट्टी गोळा करणाऱ्या माणसामुळे लागते, आणि त्या माणसाला गावाने वाईटपणापासून वाचवावं लागतं.

तुमच्या गावाचा आराखडा आणि खर्च ई-ग्रामस्वराजवर आणि ‘मेरी पंचायत’ या मोबाइल अॅपवर कुणालाही बघता येतो. त्यात तुमच्या गल्लीच्या नालीवर खर्च दाखवला असेल आणि नाली नसेल, तर माहिती अधिकारात 10 रुपयांच्या अर्जावर मोजमाप पुस्तिकेची प्रत मागा. 30 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पण त्याच्याही आधी पुढच्या ग्रामसभेला जा. पारावर बसून नको, सभेत बसून. आणि पहिलं वाक्य एवढंच बोला: मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून दाखवा.